कारखाना कशामुळे चालतो, हे शोधणाऱ्यांचं करिअर

मुलाला मॅनेजमेंटला घालायचं म्हणजे आधी कुठली तरी पदवी, मग कॅटचा क्लास, मग एमबीए आणि शेवटी पॅकेज, असा एकच रस्ता बहुतेक घरांत ठरलेला असतो. तो रस्ता वाईट नाही. पण याच विषयात आणखी एक काम आहे आणि त्याची माहिती आपल्या कॉलेजांपर्यंत फारशी पोचलेली नाही. एखादा कारखाना, दवाखाना किंवा शाळा नीट चालते ती नेमकी कशामुळे, हे मोजून आणि तपासून दाखवण्याचं ते काम. या संशोधनातला एक गाजलेला प्रयोग आपल्या पालघर जिल्ह्यात झाला, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तारापूरची एमआयडीसी आणि गुजरातच्या हद्दीतलं उंबरगाव इथे सुती कापड विणणारे बरेच कारखाने आहेत. २००८ मध्ये स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १७ कंपन्यांचे २० कारखाने अभ्यासासाठी घेतले. सगळ्या कंपन्या घरच्या मालकीच्या होत्या आणि एकेका कंपनीत सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं कामाला होती. म्हणजे धंदा लहान नव्हता. तरीही अनेक ठिकाणी सूत वाटेल तिथे रचलेलं असायचं आणि कुठलं किती शिल्लक आहे याची धड नोंद नसायची. माग बंद पडला की तो चालू करायची घाई व्हायची, पण का बंद पडला हे कुणी लिहून ठेवत नव्हतं. कापडात दोष निघाला की दुरुस्तीला माणसं बसवली जायची. तोच दोष पुन्हा पुन्हा का येतो, हा प्रश्न मागेच राहायचा.

संशोधकांनी ३८ पद्धतींची यादी केली. यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल, दोषांची रोजची नोंद, मालाचा हिशेब, कारखान्याची स्वच्छता, कामगार आणि व्यवस्थापकांसाठी कामाशी जोडलेलं बक्षीस अशा त्या साध्या गोष्टी होत्या. १४ कारखान्यांना एका मोठ्या सल्लागार कंपनीची माणसं पाच महिने मोफत दिली गेली. पहिला महिना पाहणीचा आणि पुढचे चार महिने बदल अमलात आणण्याचे. उरलेल्या ६ कारखान्यांत फक्त पाहणी झाली. कुठल्या कंपनीला काय मिळणार, हे सोडतीने ठरवलं.

या सोडतीचं कारण प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावं, कारण सल्ला आणि संशोधन यांतला फरक तिथेच आहे. समजा सगळ्याच कारखान्यांना मदत दिली आणि वर्षभरात उत्पादन वाढलं. ते मदतीमुळे वाढलं, की कापडाला मागणी आली म्हणून, की वीज नीट मिळाली म्हणून? सांगता येणार नाही. ज्या शेठला सुधारणेची आवड आहे त्यालाच मदत दिली, तर त्याचा कारखाना मदतीशिवायही पुढे गेला असता. सोडत काढल्यावर दोन्ही गट सुरुवातीला सारखे धरता येतात, आणि पुढे पडलेलं अंतर मदतीमुळे पडलं असं भरवशाने म्हणता येतं.

पहिल्याच वर्षी मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दर कारखान्यामागे वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास नफा वाढला असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखानेही काढले. मग इतक्या फायद्याच्या गोष्टी आधी का केल्या नाहीत? काही पद्धती मालकांना माहीतच नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांचा आपल्या धंद्याला उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतं. आणखी एक गोष्ट पुढे आली: कंपनी किती मोठी होणार, हे बरंचसं घरातल्या पुरुषांच्या संख्येवर अवलंबून होतं. बाहेरच्या माणसावर खरेदी किंवा पैशाचा व्यवहार सोपवायला मालक धजत नव्हते, म्हणून जितके भाऊ आणि मुलगे, तितकाच विस्तार. घरचा धंदा असलेल्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं, असं मला मनापासून वाटतं. त्या हिशेबात मुलींची गणतीच नव्हती, आणि बाहेरच्या शिकलेल्या व्यवस्थापकाचीही.

या मंडळींबद्दल आदर वाटतो तो पुढच्या भागामुळे. २०१७ मध्ये ती पुन्हा त्या कारखान्यांत गेली. सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलले आणि मालकांना वेळ मिळेना, ही मुख्य कारणं सांगितली गेली. तरीही मदत मिळालेले आणि न मिळालेले कारखाने यांच्यात मोठं अंतर टिकून होतं. पद्धती त्याच कंपनीच्या इतर कारखान्यांत पसरल्या होत्या, पण शेजारच्या कंपनीत फारशा नाही. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाची नऊ वर्षांनी स्वतःच तपासणी करायची आणि निम्मं टिकलं नाही हेही छापायचं, याला संशोधक म्हणतात.

ब्लूम आणि लंडनचे जॉन व्हॅन रीनन यांनी तारापूरच्या प्रयोगाआधीच वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांच्या व्यवस्थापकांना फोन करून पाहणी सुरू केली होती. १८ पद्धतींना प्रत्येकी १ ते ५ गुण. आपल्याला गुण दिले जात आहेत हे व्यवस्थापकाला सांगत नसत, आणि कंपनी नफ्यात आहे की तोट्यात हे मुलाखतकारालाही माहीत नसे. शेवटी व्यवस्थापकाला विचारत, तुमच्या कंपनीला तुम्ही किती गुण द्याल? ते उत्तर आणि कंपनीची खरी कामगिरी यांचा जवळजवळ काही संबंध सापडला नाही. आपलं काम आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून बाहेरचा मोजणारा लागतो.

हीच रीत पुढे रुग्णालयांत आणि शाळांत गेली. चांगल्या व्यवस्थापनाच्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्यांचं प्रमाण कमी दिसलं. व्यवस्थापकांना वैद्यकीय शिक्षण असलेल्या रुग्णालयांचे गुणही जास्त होते. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा बीएएमएस करणाऱ्या आणि आता पुढे काय या चिंतेत असलेल्या मुलामुलींसाठी ही महत्त्वाची बातमी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ देशांतल्या सुमारे १,८०० माध्यमिक शाळांच्या अभ्यासात भारत शेवटच्या क्रमांकावर होता. पण उपाय सोपा नाही. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांसाठी मूल्यमापन आणि सुधारणा आराखड्यांचा एक कार्यक्रम आखला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो सोडत पद्धतीनेच तपासला, तेव्हा मुलांच्या शिकण्यात काही फरक पडलेला दिसला नाही. शाळांनी आराखडे कागदावर केले, वर्गात काही बदललं नाही. मधल्या काळात तो कार्यक्रम देशभर लाखो शाळांत पोचलाही होता.

आता रस्त्याचं बोलू. यासाठी अमुकच शाखा हवी असं नाही. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, इंजिनिअरिंग, समाजकार्य, वैद्यकीय शाखा अशा कुठूनही येता येतं. मात्र आर्ट्स किंवा कॉमर्सला जाणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे: अकरावीत गणित सोडू नका. अर्थशास्त्राच्या चांगल्या संस्थांत पुढे तेच आडवं येतं. पुण्यात १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. रुग्णालय प्रशासनासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आरोग्यसेवा व्यवस्थापनासाठी साखळीचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट पाहा. उत्पादन आणि औद्योगिक इंजिनिअरिंगची आवड असेल तर पवईची जुनी नीटी आहे, २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली. सहकाराचा ओढा असलेल्यांसाठी पुण्यातच वैकुंठ मेहता संस्था आहे. शेजारशेजारच्या दोन साखर कारखान्यांपैकी एक उसाचे पैसे वेळेवर देतो आणि दुसरा थकवतो, असं का, हा प्रश्न तारापूरच्या मागांइतक्याच चिकाटीने तपासण्यासारखा आहे.

पदवी किंवा एमए झाल्यावर पहिली नोकरी बहुधा संशोधन सहायकाची असते. जे-पाल साउथ एशियासारख्या संस्था अशी माणसं घेतात. गावोगाव फिरून मुलाखती घ्यायच्या, प्रश्नावली तपासायच्या आणि संध्याकाळी संगणकावर आकडे साफ करत बसायचं. स्टाटा किंवा आर यांपैकी एक तरी सॉफ्टवेअर सरावाचं हवं. इचलकरंजीच्या जॉबरला किंवा मालेगावच्या मागवाल्याला बोलतं करायचं तर त्याच्या बोलीत बोलता यायला हवं, आणि आपल्या मुलांकडे असलेली ही कमाई कॉन्व्हेंटच्या इंग्रजीने मिळत नाही.

पैशाचं पालकांना स्पष्टच सांगते. सुरुवातीचा पगार बड्या एमबीए प्लेसमेंटच्या जवळपासही नसतो, आणि नेमणूक बहुतेकदा प्रकल्प संपेपर्यंतची. पीएचडीला चार-पाच वर्षं जातात, कधी जास्तही. पण त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. आयआयएमच्या पीएचडीला फी माफ असते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळवली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमए न करताही पीएचडीच्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. वयाच्या तिशीपर्यंत स्थिर उत्पन्नाची घराला गरजच असेल तर आधी नोकरी करा. चार-पाच वर्षं कारखान्यात किंवा दवाखान्यात काढलेला माणूस या क्षेत्रात उशिरा आला तरी चालतो, उलट त्याला प्रश्न लवकर सुचतात.

मुलाचा कल खरंच इकडे आहे का, हे बघायला कलचाचणीची गरज नाही. येत्या सुट्टीत त्याला किंवा तिला काकांच्या वर्कशॉपमध्ये, मामाच्या दुकानात नाहीतर ओळखीच्या दवाखान्यात महिनाभर बसू द्या. काम कधी थांबलं, किती वेळ थांबलं आणि का थांबलं, एवढंच रोज वहीत लिहायला सांगा. महिन्याअखेर सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण शोधून त्यावर एक साधा बदल सुचवायचा आणि पुढचे पंधरा दिवस पुन्हा मोजायचं. दहाव्या दिवशी कंटाळून वही बाजूला पडली तर पुष्कळ दुसरे रस्ते आहेत. आणि ‘पण हा बदल माझ्यामुळेच झाला कशावरून?’ असं मूल स्वतःहून विचारायला लागलं, तर गोखले संस्थेची प्रवेशपरीक्षा कधी असते ते बघून ठेवा.