जपानी परीक्षेची तयारी आणि आपली वर्णमाला

जपानी भाषाप्रावीण्य परीक्षेच्या एन-५ या प्रारंभिक पातळीसाठी प्रथम काना लिपी आत्मसात करावी. 'का, सा, ता, ना' हा तिचा क्रम परका नाही. बौद्ध भिक्खूंच्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून तो तेथे रुजला. ज्या अक्षरांपासून आपल्या पूर्वजांना येथे दूर ठेवले गेले, ती धम्मासोबत जपानला पोहोचली होती!

क्रियापद मराठीप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे व्याकरण फारसे अडवत नाही. अडवते ते श्रवण. उत्तीर्ण होण्यास १८० पैकी ८० गुण पुरतात. परंतु श्रवणात ६० पैकी किमान १९ नसतील, तर ही बेरीज व्यर्थ ठरते. संवाद साधारणतः एकदाच ऐकवला जातो. म्हणून वसतिगृहातील मुलामुलींनी सायंकाळच्या अभ्यासात रोज अर्धा तास, पुस्तक मिटून, केवळ ऐकावे. नंतरच लिखित संवाद पाहावा.