अनामत भरण्याआधी विचारा

रिक्षा उलटली आणि ताईच्या यजमानांचं खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं, तर काउंटरवरचा पहिला प्रश्न, "अनामत किती भरताय?" ताईने बांगड्या गहाण टाकल्या. ऑपरेशन झालं, बिल हातात पडलं, आणि मग शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा म्हणाला, "आम्ही धर्मादायमध्ये आहोत." डॉक्टर तेच, वॉर्डही तोच. त्यांनी दाखल होतानाच अर्ज दिला होता. आम्ही केशरी रेशनकार्ड पुढे केलं, तर उत्तर मिळालं, "बिल निघालं, आता काही होणार नाही."

पुढे धर्मादाय आयुक्तालयात खेपा घालताना सगळं उलगडलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. यासाठीचा पैसाही बाजूला काढलेला असतो: इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी'त टाकायची. म्हणजे तुम्ही भीक मागत नसता, त्या निधीवर तुमचा हक्क असतो.

म्हणून सांगते. रुग्णालयात पाऊल टाकताच विचारा, "हे धर्मादाय आहे का? समाजसेवा अधिकारी कुठे बसतात?" रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती घरात तयार ठेवा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. खाट शिल्लक नाही म्हणाले तर तेही लिहून मागा. तो कागद धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करताना कामी येतो. तातडीच्या रुग्णाकडून या रुग्णालयांना अनामत मागता येत नाही, हे ठामपणे सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळी. ती रुग्णालयात लागू आहे का, आजार तिच्यात बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा, आणि तेही पैसे भरण्याआधी. ती कॅशलेस आहे. आधी भरून मागाहून परत मिळवू, हा हिशेब तिथे चालत नाही.

उपचारांचा खर्च आटोक्यात आणायचा म्हटलं की नव्या योजनेची घोषणा होते. इथे निधी आहे, खाटा आहेत, नियमही आहे. अडतं ते काउंटरवर. तिथला कारकून नाव, वय, पत्ता विचारतो, तसंच उत्पन्नही विचारून त्याने पात्र रुग्णाचा अर्ज स्वतःच भरून घ्यावा, असं बंधन घाला. रिकाम्या राखीव खाटांचा आकडा रोज दारातल्या फलकावर लावा. त्याला नवा पैसा लागत नाही. अर्धमेल्या माणसाच्या नातेवाइकाने कायदा पाठ करून यावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.