देहाचा नित्यनेम



वारकरी संप्रदायात नेमाला फार मान आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की एकादशी, हरिपाठ, वर्षाची वारी आणि मद्यमांसाचा त्याग हे नेम मागोमाग येतात. पण हे सारे नेम पाळायचे कोणी? या देहानेच. चालायला पाय, टाळ धरायला हात, नाम घ्यायला दम आणि कीर्तन ऐकायला कान हवेत. म्हणून उतारवयात देह धड ठेवणे हाही नित्यनेमाचाच एक भाग समजावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘महाराज, देह नाशवंत, त्याचे एवढे लाड कशाला?’ शंका रास्त आहे. पण पखवाजाकडे पाहा. तोही कातड्याचाच, एक दिवस फुटणारच. म्हणून काय वादक त्याला पावसात टाकून देतो? तो त्याला कणीक लावतो, गठ्ठे ठोकतो, सुरात ठेवतो. ही निगा पखवाजाच्या कौतुकासाठी नसते, ती भजनासाठी असते. देहाची निगाही तशीच करावी.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. वै. विष्णुबुवा जोग महाराजांना तरुणपणी तालमीची आवड होती. त्यांनीच १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. नेकनूरला ज्यांचा मठ आहे ते बंकटस्वामी महाराज जोग महाराजांचे शिष्य, आणि बंकटस्वामींजवळ आपल्या भगवानबाबांचे शिक्षण झाले. बीड जिल्ह्यातल्या कीर्तनाच्या मुळाशी असा तालमीचाही घाम आहे, हे विसरू नये.

आता आपल्या जिल्ह्यापुरते एक निराळे कारण सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची गावेच्या गावे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परततात ती उन्हाळ्यात. नवराबायकोच्या जोडीला आपण ‘कोयता’ म्हणतो. कोयता गेला की मागे घर कोण सांभाळतं? म्हातारी माणसं! नातवंडांची शाळा, दावणीची जनावरं, पाणी, दळण, सगळं त्यांच्याच अंगावर. अशा घरातली आजी मोरीत घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले, तर काय होते? कोयता गावीच अडतो आणि घेतलेली उचल अंगावर राहते. नाहीतर नातवंडे शाळा सोडून फडावर जातात. म्हणून मायबापहो, तुमचे दोन पाय म्हणजे घराचे दोन खांब आहेत. ते जपणे यात स्वार्थ नाही.

‘आम्ही जन्मभर ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या, आता आम्हाला व्यायाम कशाला?’ असेही पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर असे, की त्या कामात कंबर एकाच बाजूने वाकली, मानेवर भार पडला, गुडघे झिजले. ते कष्ट होते, निगा नव्हती. शिवाय स्नायूंचा स्वभाव असा, की वापरले तर राहतात आणि टाकले तर जातात. काल शंभर मोळ्या वाहिल्या म्हणून आज बाजेवर बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीत बळ राहत नाही. वय झाले की हे बळ लवकर ओसरते. पण सत्तरीतही थोडे थोडे काम दिले तर ते पुन्हा येते, असा वैद्यकशास्त्राचा अनुभव आहे.

पहिला नेम चालण्याचा. पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि पाटोद्यावरून आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. एकोणीस दिवसांची ही चाल. जो अकरा महिने बसून काढतो आणि सप्तमीला एकदम उठतो, त्याच्या पायाला तिसऱ्या मुक्कामावर फोड आलेच म्हणून समजा. म्हणून गुढीपाडव्यापासून चालायला लागावे. आधी मारुतीच्या पारापर्यंत, मग शिवेपर्यंत, असे वाढवत न्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने म्हाताऱ्या माणसांनाही आठवड्याला निदान १५० मिनिटे चाल सांगितली आहे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस. वेग किती ठेवावा? चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणू गेल्यास दम लागावा, इतका. वारकऱ्याला याहून सोपे माप कोणते?

दुसरा नेम उठाबसीचा. नुसत्या चालण्याने तोल सावरत नाही आणि मांड्यांना पुरते बळही येत नाही. भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठावे, सावकाश बसावे. आधी पाच वेळा, मग दहा. भिंतीला हात लावून टाचा उचलाव्यात. खांब धरून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे. आणि सर्वांत गोड व्यायाम म्हणजे पावली! उभ्याने हरिपाठ म्हणत पुढेमागे पाऊल टाकणे यात चाल, तोल, श्वास आणि नाम सगळेच साधते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उड्या मारू नयेत; पाऊल जमिनीलगत ठेवावे. छातीचे दुखणे असेल त्याने नवा व्यायाम डॉक्टरला विचारून सुरू करावा.

तिसरा नेम ताटाचा. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तम. तिला नावे ठेवू नयेत. पण म्हातारपणी दात जातात, मग भाकरी चहात नाहीतर कोरड्यासात कुस्करून खायची आणि बाकी काही नको, अशी सवय लागते. स्नायूंना डाळ हवी. तुरीचे घट्ट वरण, मटकी, हुलग्याचे माडगे, दूध, दही यांपैकी काहीतरी दोन्ही वेळेला पोटात जावे. आपण माळकरी शाकाहारी असल्याने बी-१२ हे जीवनसत्त्व आपल्याला दुधातूनच काय ते मिळते. पायाला मुंग्या येत असतील, फार थकवा असेल, तर ते तपासून घ्यावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान सपाट चमच्याइतकेच असावे. त्यात ठेचा, लोणचे, पापड सगळे आले. बालाघाटाची सीताफळे आपला अभिमान खरा, पण साखरेच्या दुखण्याच्या माणसाने ती पाटीभर घेऊन बसू नये.

एकादशीचे दोन शब्द. साबुदाणा आणि बटाटा पोटभर खाऊन रोजच्यापेक्षा जड झालेला देह भजनाला पेंगतो. भगर, राजगिरा, ताक, मूठभर दाणे, एवढ्यावर भागते. पण जो साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतो त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय निराहार राहू नये. गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो. अशाने नामाचा नेम अधिक करावा, अन्नाचा उपवास सोसेल तेवढाच धरावा.

चौथा नेम पाण्याचा, झोपेचा आणि व्यसनाचा. वय झाले की तहान कमी लागते. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून सांगितले असेल त्यांनी ते मोजूनच प्यावे. काकड्याला उठायचे असेल तर रात्री लवकर निजावे. रात्री उठताना आधी बाजेच्या कडेला क्षणभर बसावे, बॅटरी लावावी, मग पाय टाकावा. आणि तंबाखू? दारूला न शिवणारा माळकरी तळहातावर चुना मळताना दिसतो, बाया मिसरीला व्यसन मानीत नाहीत. तोंडाचा कर्करोग मात्र माळ पाहून मागे फिरत नाही. ज्या मुखाने नाम घ्यायचे ते मुख स्वच्छ ठेवा.

पाचवा नेम तपासणीचा. रक्तदाब आणि साखर बहुधा काही दुखल्यावाचून वाढतात. गावच्या आरोग्य उपकेंद्रात दोन्ही तपासून मिळतात. वारीत बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करू नका. एकोणीस दिवसांच्या गोळ्या पडशीत वेगळ्या बांधून घ्या. साखरेच्या माणसाने मुक्कामाला रोज तळपाय पाहावेत आणि अनवाणी चालू नये. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काही दिसले तर अंगारा लावीत बसू नये. तात्काळ १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.

सहावा नेम संगतीचा. एकटा माणूस आधी मनाने म्हातारा होतो. हंगामात गाव ओस पडते तेव्हा तर संध्याकाळ खायला उठते. अशा वेळी मागे राहिलेल्यांनी देवळात जमून हरिपाठ करावा. जो दोन दिवस आला नाही त्याच्या दारात तिसऱ्या दिवशी जाऊन यावे. पुष्कळ दुखणी या एका रीतीने वेळेवर कळतात.

इतके करूनही आजार येणार नाही असे नाही. जो अंथरुणाला लागला त्याच्या नेमात खोट काढू नये. त्याने पडल्या पडल्या नाम घ्यावे आणि इतरांनी त्याची सेवा करावी. पुंडलिकाने आईबापांचे पाय चेपता चेपता देवाला विटेवर उभे केले, हा आपला मूळ पाठच आहे.

सहाही नेम एकदम धरू नयेत. घाईने धरलेला नेम सुटतो. उद्या पहाटे त्यातला एक धरा, पंधरवड्याने, एकादशीस, दुसरा. येत्या आषाढीला आपण सर्वांनी आपल्याच पायांनी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरावे, हीच श्रीपांडुरंगचरणी प्रार्थना.