रविवर्म्यांची लक्ष्मी आणि तिचे कागद

प्रश्न : पिंपरीच्या आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून रविवर्म्यांची लक्ष्मी आहे. आजोबांनी ती मुंबईहून आणली, एवढंच ठाऊक. एक विक्रेता म्हणतो, ‘हे मूळ तैलचित्र. मालकीचा इतिहास स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, लगेच घेतो.’ अमेरिकेतल्या मामेभावालाही ते हवंय. काय करावं? आत्याला विचारावं लागेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : लिहून देऊ नका. जे तुम्ही पाहिलं नाही, ते प्रतिज्ञापत्रावर आलं की जबाबदारी तुमची.

आधी हे चित्र आहे की छापील प्रत, ते ठरवा. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला हलवला. तुमच्या पिंपरीवरून लोणावळ्याला जाणारी लोकल तिथे थांबते. तिथल्या रंगीत प्रती घरोघरी गेल्या. त्यांना वार्निश लावलेलं असे, त्यामुळे त्या तैलचित्रच वाटतात. भिंगातून बारीक ठिपके दिसले किंवा खाली छापखान्याचं नाव असलं, तर ती प्रत.

तैलचित्र निघालं, तर फ्रेमच्या पाठीला हात लावू नका. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने नवी फ्रेम करून घेतली आणि जुना पुठ्ठा टाकून दिला. दुकानाची चिठ्ठी त्यावरच होती. आजही त्याची हळहळ वाटते. पाठीवरचे आकडे, शिक्के, चिठ्ठ्या, सगळ्यांचे फोटो काढा. मग जुनं वाटणीपत्र, मृत्युपत्र, पत्रं शोधा. बॉम्बे आर्ट सोसायटीची प्रदर्शनं 1888 नंतर सुरू झाली. त्यांच्या जुन्या सूचींत नाव सापडलं तरी माप आणि माध्यम जुळवा. रविवर्म्यांनी एकच विषय अनेकदा रंगवला आहे. मधली वर्षं कोरी राहिली तर कोरीच ठेवा. जाणकार खरेदीदार रिकामी जागा समजून घेतो, जुळवलेली गोष्ट मात्र त्याला खटकते.

मामेभावाला मूळ चित्र पाठवता येणार नाही. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली रविवर्म्यांच्या कलाकृती संरक्षित आहेत. देशात विकायला हरकत नाही. छापील प्रत शंभरी ओलांडलेली असेल, तर ती पाठवण्याआधीही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा.

आत्याचं म्हणाल, तर चित्र आजोबांच्या स्वतःच्या मालकीचं असेल, ते 1956 नंतर वारले असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने मुलगी म्हणून त्याही वारस. त्यांची लेखी संमती घ्याच. भेटायला जाल तेव्हा त्यांच्या लग्नाचा अल्बमही मागा. मागच्या भिंतीवर लक्ष्मी दिसली, तर तो फोटो त्या तारखेचा पुरावा होईल.