जुनी जीप, नवा गिअरबॉक्स : क्लचचे जमवावे कसे?

पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाचा एक मोठा दोष आहे. त्याला शून्यापासून जोर लावता येत नाही. ते मिनिटाला काहीशे फेऱ्यांनी फिरत असेल तरच जिवंत राहते. उलट गाडीची चाके मात्र उभ्या स्थितीतून, म्हणजे शून्य फेऱ्यांपासूनच फिरू लागतात. एक फिरते आहे आणि दुसरे स्थिर आहे, अशा दोहोंची गाठ न हिसकता घालून देणे हे क्लचचे काम. पुसेगावहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धावणारा ट्रॅक्टर घ्या, मालट्रक घ्या किंवा माणसांनी भरलेली काळी-पिवळी जीप घ्या. हाताने गिअर बदलावा लागतो तेथे हे काम दोन पृष्ठांमधील घर्षण करीत असते.

जुन्या गाडीत नवा गिअरबॉक्स बसवायचा ठरला, की या क्लचचीच खरी परीक्षा होते. हा प्रश्न मिस्त्रीचा वाटला तरी तो सोडवायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र आणि अचूक मोजमाप एवढेच लागते. आज आपण तोच सोडवून पाहू.

नवा गिअरबॉक्स कशासाठी?

विलीज कंपनीने १९५३ मध्ये आणलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप पुढे महिंद्रा कंपनीने आपल्याकडे अनेक वर्षे बनविली. तिचे पेट्रोल इंजिन सुमारे २,२०० घन सें.मी.चे. गिअरबॉक्स तीन गतींचा. मागच्या धुरीतील दंतचक्रांचे गुणोत्तर ५.३८, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये चाकाची एक फेरी व्हायला इंजिनाच्या ५.३८ फेऱ्या व्हाव्या लागतात.

चाकाचा व्यास सुमारे ७२ सें.मी. धरला, तर परीघ २.२६ मीटर होतो. ताशी ६० कि.मी. म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. तेव्हा चाकाच्या ४४२ आणि इंजिनाच्या सुमारे २,३८० फेऱ्या होतात. आता ज्याच्या पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८५ आहे असा नवा गिअरबॉक्स बसविला, तर त्याच वेगाला २,०२० फेऱ्या पुरतात. आवाज, झीज आणि सपाट रस्त्यावर इंधनही कमी. जुन्या गाड्यांचे शौकीन या खटाटोपात पडतात ते यासाठी.

दोन घरचा पाहुणा

क्लचमध्ये तीन मुख्य भाग असतात. इंजिनाला पक्के बसविलेले फ्लायव्हील (प्रचक्र); त्यावर बोल्टांनी आवळलेली, स्प्रिंगांचा दाब देणारी प्रेशर प्लेट; आणि या दोहोंच्या मध्ये चेपली जाणारी क्लच प्लेट. क्लच प्लेटच्या मध्यभागी खाचा असलेले छिद्र असते. गिअरबॉक्समधून पुढे आलेला खाचांचा शाफ्ट त्यात शिरतो. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांना दाबते, प्लेट सुटी होते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो.

आता गंमत पाहा. क्लच प्लेटचा बाहेरचा घेर इंजिनाच्या घरचा, तर मधले छिद्र गिअरबॉक्सच्या घरचे. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झाले असतील, तर या पाहुण्याची दोन्हीकडे सोय पाहावी लागते.

असे पाहुणे आणखी दोन आहेत. रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सच्या नळीवर सरकते, पण टेकते प्रेशर प्लेटवर. तसेच शाफ्टचे टोक ज्यात फिरते ते पायलट बुश : बाहेरून ते इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्ये बसले पाहिजे आणि आतून गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळले पाहिजे. हे तिघे जमले, की क्लच जमला.

घेर कोण ठरविते?

पुष्कळांना वाटते, की नव्या गिअरबॉक्सबरोबर त्याचाच सगळा क्लच घ्यावा. हे नेहमीच बरोबर ठरत नाही. क्लच गिअरबॉक्सच्या आधी असतो. गिअर कोणताही टाका, इंजिनाचे परिबल (गॅरेजात ज्याला टॉर्क म्हणतात) प्रथम क्लचमधून जाते आणि मग दंतचक्रांनी कमी-जास्त होते. तेव्हा क्लचची ताकद इंजिनावरून ठरते, गिअरबॉक्सवरून नव्हे.

ही ताकद काढण्याचे सूत्र सोपे आहे :

परिबल = पृष्ठांची संख्या × घर्षणगुणांक × दाबाचे बल × सरासरी त्रिज्या

प्लेटला दोन बाजू असतात, म्हणून पृष्ठे २. कोरड्या लायनिंगचा घर्षणगुणांक ०.३ धरू. सीजे-३बीच्या इंजिनाचे कमाल परिबल सुमारे १५५ न्यूटन-मीटर आहे. समजा, प्लेटच्या लायनिंगचा बाहेरचा व्यास २१६ मि.मी. (साडेआठ इंच) आणि आतला १५० मि.मी. आहे. मग सरासरी त्रिज्या ९१.५ मि.मी. येते. प्रेशर प्लेट ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोग्रॅम वजनाइतके बल देत असेल, तर :

२ × ०.३ × ४,००० × ०.०९१५ = सुमारे २२० न्यूटन-मीटर.

इंजिनाच्या परिबलाच्या हे १.४ पट झाले. एवढी शिल्लक हवीच, कारण लायनिंग झिजते आणि तापल्यावर घर्षणही घटते.

आता एखाद्या छोट्या मोटारीचा क्लच घेऊ. बाहेरचा व्यास १८० मि.मी., आतला १२५ मि.मी., बल ३,००० न्यूटन. सरासरी त्रिज्या ७६.२५ मि.मी. आणि परिबल अवघे १३७ न्यूटन-मीटर! इंजिनाने पूर्ण जोर लावला, की हा क्लच घसरणार.

घसरला तर काय बिघडले? हिशेब करा. १३७ न्यूटन-मीटर परिबल असताना मिनिटाला ५०० फेऱ्यांची घसरण झाली, तर तयार होणारी उष्णता सुमारे ७,२०० वॅट असते. एक किलोवॅटच्या सात विजेच्या शेगड्या एका थाळीएवढ्या जागेत पेटविल्यासारखे हे आहे. लायनिंग करपते, फ्लायव्हीलला तडे जातात आणि भरलेली गाडी चढावर अडकते. इंजिन गुरगुरते, पण चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. उतारावर तर गिअरमध्ये ठेवलेल्या इंजिनाचा जो अटकाव मिळतो, तोही घसरणाऱ्या क्लचमुळे कमी होतो. म्हणून हा हिशेब केवळ वहीतला नाही. त्यात बसलेल्या माणसांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

मग दाब दुप्पट करून टाकावा का? तेही नको. पेडल जड होते, शिवाय क्लच एका अर्थी विजेच्या फ्यूजसारखा आहे. अचानक हिसका बसला तर त्याने थोडे घसरून दंतचक्रांचे दात वाचवावेत, अशी अपेक्षा असते.

खाचा कोण ठरविते?

मधले छिद्र मात्र सर्वस्वी गिअरबॉक्सचे ऐकते. विलीजच्या जुन्या तीन गतींच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर १० खाचा आणि व्यास सव्वाएक इंचाला अष्टमांश कमी, म्हणजे १ १/८ इंच (२८.६ मि.मी.) असतो. नव्या शाफ्टवरील खाचा मोजा, व्यास व्हर्नियर कॅलिपरने घ्या. खाचांची संख्या, व्यास आणि आकार या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. प्लेट शाफ्टवर हाताने सहज सरकावी, पण डुगडुगू नये. जुन्या घेराची आणि नव्या छिद्राची प्लेट तयार मिळाली तर उत्तमच; नाहीतर क्लच प्लेटचे काम करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून ती बनवून घ्यावी लागते. प्लेट बसविताना तिच्या मधल्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत नाहीत, हेही पाहावे.

बेअरिंग, बुश आणि मध्य

जुन्या प्रेशर प्लेटला बहुधा तीन बोटे आणि गोल गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. नव्या प्रकारात बशीसारखी एकच पातळ स्प्रिंग असते. हूकचा नियम आठवा. लायनिंग झिजले, की गुंडाळीच्या स्प्रिंगा थोड्या लांबतात आणि त्यांचे बल घटते. बशीच्या स्प्रिंगेचे बल त्या मानाने टिकून राहते. पण प्रकार बदलला, की बोटांची उंचीही बदलते. रिलीज बेअरिंग आखूड पडले तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर कर्र आवाज करतात. लांब पडले तर ते बोटांवर सतत टेकून राहते आणि क्लच घसरू लागतो.

शेवटी मध्य. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा अक्ष एका रेषेत हवा. चूक एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच चालते. ती वाढली, तर प्रत्येक फेरीला शाफ्ट वाकविला जातो आणि बुश, बेअरिंग व खाचा यांची लवकर वाट लागते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी प्लेट हातकानशीने नव्हे, तर लेथवर नीट मध्य साधून करावी लागते.

कायद्याचेही एक बंधन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मन मानेल तसे बदल करता येत नाहीत. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचे, तर ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि काढलेला जुना गिअरबॉक्स जपून ठेवावा.

करून पाहा

एका फळीवर पत्रा बसवा. त्यावर जुन्या टायरचा सपाट तुकडा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरील आडवे अंतर, म्हणजेच घर्षणगुणांक. आता पत्र्यावर तेलाचे दोन थेंब पसरून पुन्हा मोजा. (प्रयोगासाठी जुनी क्लच प्लेट वापरू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.)

स्वाध्याय

१. वरील २१६ मि.मी.च्या क्लचवर तेल गळून घर्षणगुणांक ०.१५ झाला. तो इंजिनाचे पूर्ण परिबल पेलेल काय? (उत्तर : नाही, सुमारे ११० न्यूटन-मीटरच.)

२. क्लच गिअरबॉक्सच्या पुढे नसून मागे, चाकांकडच्या बाजूला असता, तर पहिल्या गिअरमध्ये त्याला किती परिबल पेलावे लागले असते? पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३ धरा. (उत्तर : सुमारे ४६५ न्यूटन-मीटर. क्लच इंजिनाला लागूनच का ठेवतात, हे यावरून ध्यानात येईल.)