एक कोकण, दोन परदेश

इंदूरच्या मराठी माणसाला 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न नवीन नाही. होळकरशाहीत आलेल्या घरांच्या कित्येक पिढ्या येथे नांदल्या, तरी तो प्रश्न सुटलेला नाही. म्हणून आपल्याहून फार दूर गेलेल्या मराठी माणसांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. त्यासाठी कोकणातून गेलेल्या दोन समाजांचा विचार करू.

पहिला समाज मॉरिशसचा. तेथील गुलामगिरी १८३५ साली संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. त्यांनाच गिरमिटिये म्हणत. त्यांत बिहारकडचे लोक अधिक. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. मळेवाल्याला त्यांचे हात हवे होते. ते कोणती भाषा बोलतात याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

दुसरा समाज बेने इस्राएलांचा. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले हे ज्यू तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. आडनावे मात्र गावांवरून पडलेली, शेवटी 'कर' असलेली. १९४८ साली इस्राएल स्थापन झाल्यावर त्यांतले बहुतेक क्रमाक्रमाने तिकडे गेले आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावी वसले. १९५० च्या कायद्याने प्रत्येक ज्यूला तेथे येण्याचा हक्क दिला होता. कायद्याच्या दृष्टीने ते परके नव्हतेच, घरी परतलेले होते. तरीही १९६२ साली तेथील धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. समाजाने मोठी निदर्शने केली व १९६४ साली तो आदेश बदलण्यात आला.

आता तुलना करू. मॉरिशसचा मजूर परका म्हणूनच गेला. त्याला सामावून घेण्याची घाई कोणाला नव्हती. त्यामुळे देवधर्म टिकला. गणेशचतुर्थीला आज तेथे सार्वजनिक सुट्टी असते. घरातली बोली मात्र बहुतांशी क्रिओल झाली आणि मराठी शाळेत शिकण्याचा विषय बनली. इस्राएलमध्ये याच्या उलट घडले. धर्म बहुसंख्यांचाच असल्याने तो वेगळेपणाची खूण राहिला नाही. ती खूण झाली मराठी भाषा, कोकणी स्वयंपाक आणि एलियाहू हन्नावीच्या नावाने होणारा मलिदा. तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. परंतु नव्या राष्ट्राला सर्वांची एकच भाषा हवी होती. मुले हिब्रूत वाढली.

दोन्हीकडे भाषाच आधी हातची निसटू लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकीकडे सरकारी शाळांनी तिला हात दिला, दुसरीकडे ती मुख्यतः वडीलधाऱ्यांच्या भरवशावर राहिली.

आपली स्थिती वरवर सोपी वाटते. आपल्याला समुद्र ओलांडावा लागला नाही. हिंदीची आणि मराठीची लिपीही एकच. पण याच जवळिकीमुळे आपले वाक्य केव्हा हिंदी वळणाचे होते, ते आपल्याला कळत नाही. १९४८ साली होळकर राज्य मध्यभारतात विलीन झाले आणि मराठीचा राजाश्रयही सरला. उरले ते घर. तेव्हा या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक काम करावे: घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून आपले घराणे येथे केव्हा, कोठून व कशासाठी आले ते विचारावे, आणि ती हकीकत त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून काढावी.