मळीचं पाणी ओढ्यात आलं तर

गाळप सुरू झालं की आमच्या बीड जिल्ह्यातल्या साखरपट्ट्यात मळीचा वास ठरलेलाच. एका हंगामात तो ओढ्यातूनच आला. पाणी काळपट तांबडं झालं, जनावरं तोंड लावेनात, काठच्या विहिरीही नासल्या. गावानं ठरवलं, थेट दिल्लीला लिहायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नावे निवेदन गेलं, सोबत आम्हीच भरलेल्या बाटलीचा खासगी अहवाल. कारवाई राज्यानं करायची असल्यानं अर्ज तिकडे वळला. पाहणी झाली तेव्हा ओढा नितळ होता आणि बाटलीचा अहवाल कायद्यात बसत नव्हता. तेव्हापासून आसपासच्या गावांतून जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं अशी:

तक्रार दिल्लीला की राज्याला?
केंद्रीय मंडळ १९७४च्या जल कायद्यानं स्थापन झालं. देशभराचे निकष ठरवणं आणि राज्यांच्या मंडळांत समन्वय ठेवणं ही त्याची मुख्य कामं. कारखान्याला संमतीपत्र देणं, तपासणी करणं, नोटीस काढणं हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. म्हणून अर्ज राज्य मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला करा, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या, पोच घ्या. दिल्लीला प्रत जरूर पाठवा, पण तिकडच्या उत्तरासाठी थांबू नका.

आपण भरलेली बाटली चालते का?
पाणी प्यायचं की नाही हे ठरवायला चालते, खटल्यात नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानं कारखान्याला सूचना देऊन रीतसर घेतलेला नमुनाच पुरावा ठरतो. त्यामुळे पाणी दिसताक्षणी फोन करा, लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. तलाठ्याला बोलावून पंचनाम्याचा आग्रह धरा. सांडपाणी मिसळतं त्या जागेचे, तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे तारीख-वेळेसह फोटो काढा. नमुनाही तिन्ही ठिकाणचा घ्यायला सांगा.

संमतीपत्र आपल्याला बघायला मिळतं का?
मिळतं. मंडळानं संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते आणि ज्याचा संबंध आहे त्याला ती बघता येते. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. सांडपाणी किती आणि कुठे सोडायचं, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. ‘पाणी घाण झालं’ या तक्रारीपेक्षा ‘अमुक अट मोडली’ ही तक्रार टाळणं अवघड जातं.

पिकाची भरपाई कोण देणार?
त्यासाठी राष्ट्रीय हरित लवाद आहे. आपल्यासाठी त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात बसतं. भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करता येतो. प्रदूषण थांबवण्याच्या वादाला मुदत सहा महिन्यांची. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. पंचनामा, पोच आणि विहिरीच्या पाण्याचे अहवाल इथे कामी येतात.


  

एक काम मात्र उन्हाळ्यातच उरकावं. जवळच्या कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत मागवून ग्रामपंचायतीत ठेवावी. माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. गाळप सुरू झाल्यावर अर्ज केला, तर कागद हातात येईपर्यंत पाणी विहिरीत उतरलेलं असतं.